‘गेट’ या क्रियापदाचे करायचे काय?

पारिजात

गेली काही वर्षे मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. अवघड शब्दांची मला फारशी भीती वाटत नाही, कारण अवघड शब्द कोशात सापडतो आणि एकदा सापडला की त्याचा प्रश्न मिटतो. घाम फुटतो तो ‘गेट’सारख्या सोप्या शब्दाने. मागच्या आठवड्यात एका दीर्घ मुलाखतीचे भाषांतर करताना एकाच पानावर हे क्रियापद नऊ वेळा आले, आणि माझ्या मसुद्यात त्यांपैकी आठ जागी मिळाले, आणले, पोचलो, झाले, कळले, सावरलो, करवून घेतले आणि भागत होते अशी आठ निरनिराळी क्रियापदे उतरली होती. नववी जागा अजून रिकामीच आहे. ते वाक्य असे आहे: ‘आय नेव्हर गॉट टू थँक हर.’

शाळेत आपण ‘गेट म्हणजे मिळणे, मिळवणे’ असे पाठ केलेले असते. माझे म्हणणे असे आहे की गोंधळाचे मूळ त्या पाठांतरातच आहे, आणि तेही त्यातल्या स्वल्पविरामात. ‘त्याला पुस्तक मिळाले’ आणि ‘त्याने पुस्तक मिळवले’ ही मराठीत दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात तो नुसता घेणारा आहे, दुसऱ्यात त्याने खटपट केलेली आहे, आणि हा फरक आपण क्रियापदाने तर दाखवतोच, शिवाय ‘त्याला’ आणि ‘त्याने’ या विभक्तींनीही दाखवतो. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘ही गॉट द बुक’ एवढेच आहे. कर्त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने काही केले की त्याच्या बाबतीत काही घडले, याची चौकशीच ‘गेट’ करत नाही. आधी एक स्थिती होती, आता दुसरी आहे आणि तो माणूस त्या दुसऱ्या स्थितीत येऊन ठेपला आहे, इतकेच ते सांगते. वस्तू हाती येणे, घरी पोचणे, म्हातारे होणे, एखादी गोष्ट डोक्यात शिरणे हे सगळे त्या एका सांगण्यात मावते.

हे मत कितपत टिकते ते तपासायला हा धागा काढला आहे. उदाहरणे आणि विरोध, दोन्ही हवे आहेत. नवव्या वाक्यासाठी मदतही हवी आहे.

कोशकीटक

विषय माझ्या आवडीचा असल्यामुळे थोडे इतिहासात शिरतो.

हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. नवव्या आणि दहाव्या शतकांत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झाले, आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतून ‘टेक’, ‘दे’ आणि ‘एग’ यांच्यासारख्या अगदी घरगुती शब्दांबरोबर ‘गेट’ही इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत या धातूचे सख्खे भावंड होते, परंतु ते सहसा उपसर्ग लावूनच वापरले जाई. आजचे ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ हे त्याचेच वंशज. त्या देशी रूपात ‘ग’च्या जागी ‘य’सारखा उच्चार होता, म्हणून मध्ययुगीन इंग्रजीत विसरण्याला ‘फॉरयेटन’ अशी रूपे आढळतात. आज आपण ‘फरगेट’मध्ये जो कठीण ‘ग’ उच्चारतो, तो नॉर्स पाहुण्याच्या सहवासाने आलेला आहे. विसरणे म्हणजे हाती असलेले निसटणे, असे या शब्दाच्या पोटात दडलेले आहे.

भूतकाळी रूपांचीही गंमत आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘गॅट’ असे रूप भेटते. पुढे ते मागे पडले आणि ‘गॉट’ उरले. ‘गॉटन’ हे कृदन्त ब्रिटिशांनी जवळजवळ सोडून दिले, अमेरिकनांनी मात्र जपले, त्यामुळे अनेकांना ते अमेरिकेत निघालेले नवे खूळ वाटते. वस्तुतः ते जुनेच आहे, आणि ‘फरगॉटन’मध्ये ब्रिटिश माणूसही ते रोज उच्चारतो.

तुमची तक्रार मात्र नवी नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी अशा क्रियापदांची एक यादीच दिली होती, की ज्यांचा अर्थ इतका सैल आणि उपयोग इतका अनिश्चित आहे की कोशकाराचे श्रम त्यांच्यापायी वाढतात. ‘कम’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ यांच्या जोडीला त्या यादीत ‘गेट’ आहेच.

सहजप्रश्न

मी भाषेचा अभ्यासक नाही, रोज इंग्रजीत काम करणारा साधा माणूस आहे, म्हणून एक फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात दोन्ही हातांत खोकी घेतलेला एक सहकारी मागून आला आणि म्हणाला, ‘कॅन यू गेट द डोअर?’ मला ‘गेट’चा ‘आणणे’ हा अर्थ ठाऊक होता, ‘मिळवणे’ ठाऊक होता, आणि फाटक हा नामाचा अर्थही ठाऊक होता. दार आणायचे कुठून, असा विचार करत मी क्षणभर तसाच उभा राहिलो आणि तो खांद्याने दार ढकलून निघून गेला. दार उघडून धर, इतकेच त्याला हवे होते. पुढे ‘कॅन यू गेट द फोन?’ ऐकले तेव्हा मी शहाणा झालो होतो. फोन आणून द्यायचा नसून वाजणारा फोन उचलायचा आहे, हे कळले.

आणखी एक चूक मी फार दिवस करत होतो. ‘व्हॉट टाइम डिड यू गेट होम?’ या प्रश्नाला मी कार्यालयातून निघाल्याची वेळ सांगत असे. ‘गो होम’ म्हणजे घरी जायला निघणे आणि ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणे, हा भेद मला कोणी शिकवलाच नव्हता. पारिजात यांनी ‘येऊन ठेपणे’ हे शब्द वापरले आहेत, ते या ठिकाणी तंतोतंत बसतात.

तळटीप

पारिजात, तुमचा मुद्दा मला पटतो, पण मराठीत असे क्रियापदच नाही असा जो सूर लागला आहे, तो पटत नाही. आपल्या ‘लागणे’कडे पाहा. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, नाद लागतो, नोकरी लागते, गाडी लागते, निकाल लागतो, माणूस रडू लागतो आणि त्याला जावे लागते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाने या यादीपुढे काय करावे? आपण ‘गेट’पुढे जे करतो तेच, म्हणजे कपाळाला हात लावावा. (पुन्हा ‘लागणे’चेच भावंड!)

यांतल्या बऱ्याच प्रयोगांचे इंग्रजी ‘गेट’नेच होते. भूक लागली म्हणजे ‘गॉट हंग्री’, नोकरी लागली म्हणजे ‘गॉट अ जॉब’, जावे लागेल म्हणजे ‘हॅव गॉट टू गो’. हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही, कारण दोन्ही क्रियापदांत माणूस आणि स्थिती एकमेकांना येऊन भिडतात. फरक दिशेचा आहे. इंग्रजीत माणूस भुकेपर्यंत जातो, मराठीत भूक माणसाला येऊन लागते. वाक्याचा कर्ता भूक आहे, माणूस नाही.

पारिजात

तळटीप, हा फरक मला सुचला नव्हता आणि तो माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो. मी माझ्या मसुद्यातली वाक्ये पुन्हा पाहिली. ‘गेट’ला ‘अलाँग’, ‘बाय’, ‘अवे’ असे शब्द चिकटतात तेव्हा मराठीत काय होते ते पाहा. ‘दे गेट अलाँग’ म्हणजे त्यांचे पटते. ‘वुई गेट बाय’ म्हणजे आमचे भागते. ‘ही गॉट अवे विथ इट’ म्हणजे त्याला ते पचले. ‘आय डिडन्ट गेट इट’ म्हणजे मला कळले नाही. सगळीकडे इंग्रजी माणूस कर्त्याच्या जागी ताठ बसलेला आहे, आणि मराठीत त्याला आपण ‘त्याला’, ‘त्यांचे’, ‘आमचे’ करून बाजूच्या पाटावर बसवले आहे. म्हणून मला वाटते की ‘गेट’चे भाषांतर करताना आधी क्रियापद शोधू नये. आधी माणसाची विभक्ती ठरवावी, मग क्रियापद बहुधा आपणहून सापडते. ‘ते सोबत जमवून घेतात’ असली ओढाताणीची वाक्ये होतात ती हा क्रम उलटा केल्यामुळे.

‘लागणे’ची जोडी ‘लावणे’ आहे, हेही येथे महत्त्वाचे आहे. ‘ही गॉट अ जॉब’ म्हणजे त्याला नोकरी लागली, आणि ‘आय गॉट हिम अ जॉब’ म्हणजे मी त्याला नोकरी लावून दिली. आपल्याला लागणे आणि लावणे, होणे आणि करणे अशी दोन दोन क्रियापदे लागतात, तेथे इंग्रजी एकाच ‘गेट’वर भागवते. ‘गेट रेडी’ म्हणजे तयार होणे, आणि ‘गेट द किड्स रेडी’ म्हणजे मुलांना तयार करणे.

अर्धविराम

करवून घेण्याचा प्रयोग राहून जातो आहे, म्हणून लिहितो. ‘आय गॉट माय हेअर कट’ याचे मराठी ‘मी केस कापून घेतले’ असे होते. केस कापणारा दुसरा, कापवून घेणारा मी, आणि ‘घेतले’ने लाभ माझ्याकडे वळवला. येथवर सरळ आहे. आता हे वाक्य घ्या: ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर.’ रचना तीच आहे, पण येथे कोणी हौसेने बोट दारात दिलेले नाही. आणि मराठीत आपण काय म्हणतो? ‘मी दारात बोट चेंगरून घेतले.’ पुन्हा ‘घेणे’च! विळीवर बोट कापून घेतो, अंगावर चहा सांडून घेतो. दोन अगदी परक्या भाषांनी मुद्दाम करवलेले काम आणि स्वतःच्या वेंधळेपणाने ओढवलेले दुखणे एकाच साच्यात ओतावे, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे. ‘माझे बोट चेंगरले’ म्हटले तर दोष दाराचा असू शकतो, परंतु ‘चेंगरून घेतले’ म्हटले की दोष माझा. इंग्रजीतही ‘माय फिंगर वॉज कॉट’ म्हटले की माणूस अंग काढून घेतो, आणि ‘आय गॉट’ म्हटले की थोडासा ओशाळतो.

माणसाकडून काम करवायचे असेल तर मात्र रचना बदलते, आणि येथे आपल्याकडचे अनेक जण चुकतात. ‘आय मेड हिम साइन’ यात मध्ये ‘टू’ नसतो, ‘आय गॉट हिम टू साइन’ यात तो हवाच. अर्थातही अंतर आहे. ‘मेड’मध्ये जबरदस्तीची छटा आहे, तर ‘गॉट’मध्ये मनधरणी, युक्ती, चिकाटी यांपैकी काहीतरी आहे. ‘सही करायला लावले’ आणि ‘सही मिळवलीच’ यांत जेवढे अंतर, तेवढे.

उंबरा

अर्धविराम यांनी दोषाचा विषय काढला आहे, तर ‘वॉज फायर्ड’ आणि ‘गॉट फायर्ड’ यांतला फरक कोणी नीट समजावून सांगेल का? आमच्याकडे दोन्ही सर्रास वापरतात. मला तर दोन्ही सारखेच वाटतात.

कोशकीटक

पुष्कळदा ते सारखेच असतात. ‘गॉट’ बोलीतले आहे आणि ‘वॉज’ कोठेही चालते, एवढेच सांगून थांबता येईल. पण एक कसोटी लावून पाहा. दोन्ही वाक्यांत ‘मुद्दाम’ या अर्थाचा ‘डिलिबरेटली’ घाला. ‘ही वॉज डिलिबरेटली फायर्ड’ यात मुद्दामपणा सहसा काढणाऱ्याचा वाटतो. ‘ही डिलिबरेटली गॉट फायर्ड’ यात तो निघालेल्याचा आहे, म्हणजे नोकरी सोडायची होती म्हणून त्याने स्वतःच तशी वागणूक ठेवली. ‘गॉट’मध्ये कर्मणी रचनेतही कर्त्याचा घटनेत थोडा हात शिल्लक राहतो, आणि हात नसला तरी घटनेची झळ किंवा लाभ त्याला पोचलेला असतो. म्हणूनच बढती मिळणे, पकडले जाणे, लुटले जाणे, निवडून येणे यांना ‘गॉट’ शोभतो, आणि ‘शी वॉज लव्ह्ड बाय ऑल’ याच्या जागी ‘गॉट लव्ह्ड’ केले तर कानाला खटकते, कारण प्रेम ही त्या वाक्यात टिकून राहणारी स्थिती आहे. एका क्षणी घडून गेलेला बदल तेथे नाही. ‘आय अ‍ॅम मॅरीड’ आणि ‘आय गॉट मॅरीड’ ही जोडीही अशीच. पहिले वाक्य आजची स्थिती सांगते, दुसरे लग्न लागले तो प्रसंग.

येथे पारिजात यांना एक सौम्य विरोध नोंदवतो. ‘गेट’ कर्त्याची चौकशीच करत नाही असे तुम्ही म्हणालात. वरील उदाहरणात ते चौकशी करते, फक्त निकाल लावत नाही.

प्रश्न विचारतानाचा नियमही लक्षात ठेवावा. ‘वॉज ही फायर्ड?’ बरोबर आहे, म्हणून ‘गॉट ही फायर्ड?’ बरोबर ठरत नाही. तेथे ‘डिड ही गेट फायर्ड?’ असेच म्हणावे लागते.

उंबरा

आता कळले. मग ‘हॅव गॉट’चे काय? ‘आय हॅव अ पेन’ आणि ‘आय हॅव गॉट अ पेन’ यांत तर काहीच बदल घडलेला नाही. पेन आहे, इतकेच.

तळटीप

बदल घडून गेला आहे आणि त्याचे फळ उरले आहे. ‘मिळालेले आहे’ म्हणजेच ‘आहे’, असा तो प्रवास. आपणही ‘त्याला गाणे समजले आहे’ म्हणतो तेव्हा समजण्याचा क्षण कोणाला अभिप्रेत असतो? आजची जाण अभिप्रेत असते. अमेरिकन लोकांनी येथे फार सोयीची वाटणी केली आहे. ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे आणि ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवले आहे किंवा झाले आहे. ब्रिटिशांना दोन्हींसाठी ‘हॅव गॉट’च वापरावे लागते आणि अर्थ संदर्भावर सोडावा लागतो.

वहीबाहेरचा

एक गाऱ्हाणे मांडतो. शाळेत आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी निबंधातला प्रत्येक ‘गेट’ लाल शाईने खोडून वर ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘बिकम’ असे लिहिण्याचा नेम ठेवला होता. त्याचा परिणाम असा झाला की पुढे मी मित्रांनाही ‘आय ऑब्टेन्ड द टिकेट्स’ असे सांगत असे, आणि ते हसू दाबत. औपचारिक लेखनात ‘गेट’ टाळावा का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

पारिजात

तुमच्या शिक्षकांचे लेखनापुरते फारसे चुकले नव्हते. त्यांनी बोलण्याची सोय शिकवली नाही, ही खरी उणीव. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाँगमनच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात प्रत्यक्ष बोललेल्या आणि लिहिलेल्या मजकुराचा अभ्यास केलेला आहे. संभाषणात अतिशय वारंवार येणाऱ्या क्रियापदांत ‘गेट’ अगदी वरचे आहे आणि शास्त्रीय लेखनात ते विरळ आहे, असे त्यात दिसते. तेव्हा अहवालात ‘रिसीव्ह’ लिहावे, शोधनिबंधात ‘ऑब्टेन’ लिहावे, पण तिकिटे मात्र ‘गॉट’च करावीत. ‘गेट रिड ऑफ’सारख्या ठिकाणी तर औपचारिक पर्याय शोधताना वाक्याचा प्राणच जातो.

सगळेच ‘गेट’ एका तागडीत घालू नयेत, एवढे मी म्हणेन. कोशकीटक, तुमचा विरोध मान्य. ‘चौकशी करते, निकाल लावत नाही’ हे माझ्यापेक्षा नेमके आहे. तरीही नववे वाक्य अजून सुटलेले नाही.

अर्धविराम

त्या वाक्याआधी एक सापळा दाखवतो. ‘आय गॉट टू सी हिम’ म्हणजे मला त्यांना पाहायला मिळाले. ‘आय हॅव गॉट टू सी हिम’ म्हणजे मला त्यांना भेटलेच पाहिजे. भरभर बोलताना दुसऱ्यातला ‘हॅव’ पार गिळला जातो, दोन्ही ‘गॉटा’ होऊन बसतात, आणि मग संदर्भावरून ओळखावे लागते की बोलणाऱ्याला संधी मिळाली आहे की त्याच्या डोक्यावर कर्तव्य आहे. तुमचे वाक्य पहिल्या प्रकारचे आहे. ‘पाहायला मिळणे’ हा आपला प्रयोग त्याच्याशी हुबेहूब जुळतो.

कोशकीटक

जुळतो खरा, आणि त्याची मुळेही दूरवर पोचतात. नॉर्सच्या घराण्यातल्या आजच्या आइसलँडिक भाषेत हाच धातू मुख्यतः ‘शकणे’ या अर्थाने वापरतात. म्हणून मी ‘मी तिचे आभार मानू शकलो नाही’ असे सुचवीन.

पारिजात

‘मानू शकलो नाही’ हे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते आणि खोडले. त्यात काहीतरी आडवे आल्याचा भास होतो, जणू तोंडातून शब्द फुटेना. ‘आभार मानायला मिळाले नाहीत’ हे व्याकरणाने चोख आहे, परंतु आभार मानणे हा जणू एखादा खेळ होता आणि त्यात माझी पाळी आली नाही, असे वाटते. ‘संधी मिळाली नाही’ हे वाक्य निरोपसमारंभातल्या भाषणासारखे वाटते. मुलाखत देणारे गृहस्थ हे वाक्य बोलून थोडा वेळ गप्प बसले होते, अशी नोंद मूळ मजकुरात आहे.

सहजप्रश्न

मी व्याकरण सांगू शकत नाही, पण माझ्यावर अशी वेळ आली तर मी काय म्हणेन ते सांगतो. ‘तिचे आभार मानायचे राहूनच गेले.’

तळटीप

यात ‘मी’ कोठेच नाही. कोणी अडवले नाही, कोणी टाळले नाही, वेळ तेवढी निघून गेली. ‘नेव्हर’साठी वेगळा शब्दही लागला नाही, तो ‘राहूनच’मधल्या ‘च’ने भरून काढला. पारिजात, तुम्ही म्हणालात की आधी माणसाची विभक्ती ठरवावी. येथे माणूसच गाळावा लागला.

पारिजात

सहजप्रश्न, मन:पूर्वक आभार. तेच वाक्य घेतले आणि मसुदा आजच पाठवला. फक्त ‘तिचे’च्या जागी ‘त्यांचे’ करावे लागले, कारण मूळ मजकुरातली ‘हर’ म्हणजे त्या गृहस्थांच्या पहिलीच्या शिक्षिका होत्या.